सेकंडहँड बाईकची क्लच वायर बदलली, पण हँडल उजवीकडे वळवलं की वायर ताणली जाते – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

दीड महिन्यापूर्वी १२५ सीसीची सेकंडहँड बाईक घेतली. इंजिन छान आहे पण क्लच पहिल्या दिवसापासून इतका कडक की अर्धा तास ट्रॅफिकमध्ये चालवली की डाव्या हाताची बोटं भरून यायची. लिव्हरवरचं रबर मागे सारून बघितलं तर निपलच्या (तारेच्या टोकाचा धातूचा गोळा, जो लिव्हरमध्ये बसतो) अगदी जवळ तारेचे तीन-चार पदर तुटून बाहेर आलेले, म्हणजे कधीही तुटली असती. खात्री करायला इंजिनकडचं टोक सोडवून आतली तार हाताने पुढेमागे ओढून बघितली, तर आत खरखर लागत होती आणि मध्येच अडकत होती. त्यामुळे दोष वायरीचाच हे नक्की झालं आणि नवीन आणून घरीच बदलायला घेतली.

काढणं सोपं गेलं. दोन्हीकडचे अ‍ॅडजस्टर (वायरीचा ताण कमी-जास्त करायचे स्क्रू) पूर्ण ढिले केले, लिव्हरजवळच्या अ‍ॅडजस्टरची आणि लॉकनटची (त्याला जागी धरणारा नट) खाच एका रेषेत आणली की तार बाहेर येते. पण एक चूक झाली. जुनी वायर सरळ ओढून काढली, ना फोटो काढला ना तिच्या टोकाला दोरी बांधली, त्यामुळे हेडलाइटच्या मागून ती नेमकी कुठून जात होती ते आता आठवत नाही. अंदाजाने टाकली आणि लोंबू नये म्हणून वायरिंगबरोबर प्लास्टिकच्या टायने फ्रेमला बांधून टाकली.

आता प्रॉब्लेम असा आहे की हँडल सरळ असताना लिव्हरच्या टोकाशी साधारण १२ मिमी प्ले (क्लचवर ताण येण्याआधी लिव्हर मोकळी हलते ते अंतर) आहे (मॅन्युअलमध्ये १० ते २० दिलाय) आणि गाडी मस्त चालते, पण हँडल उजवीकडे पूर्ण वळवलं की प्ले शून्य होतो आणि यू-टर्न घेताना इंजिन नुसतं रेस होतं, गाडी ओढतच नाही. म्हणून अ‍ॅडजस्टर ढिला केला तर सरळ असताना प्ले खूप वाढतो, मग सिग्नलला न्यूट्रल लागत नाही, पहिला गिअर टाकताना खाडकन आवाज येतो आणि लिव्हर पूर्ण दाबलेली असतानाही गाडी पुढे सरकायला बघते.

वायर आखूड मिळालीय का रूटिंग चुकलंय? एवढ्यात क्लच प्लेटांना काही झालं असेल का? आणि नवीन वायरीत तेल सोडायचं का? कृपया अनुभवी लोकांनी सांगा, रोज कामाला हीच गाडी लागते.

प्रतिसाद:

भाऊ, अ‍ॅडजस्टरला हात लावू नका, हा त्याचा दोष नाही. आधी जुनी आणि नवीन वायर जमिनीवर शेजारी-शेजारी ठेवून मापा, नुसतं बाहेरचं काळं आवरण नाही तर दोन्ही टोकांना उघडी तार किती राहते तेही. माप सारखं असेल तर तो टाय कापा. वायरीला हँडलबरोबर मागेपुढे सरकायला जागा लागते, फ्रेमला घट्ट बांधली की वळताना ती ताणली जाणारच. हँडलजवळ तारेची कडी किंवा गाईड असेल, त्यातून मोकळी जाऊ द्या, वळण मोठं ठेवा, आणि सायलेन्सरला किंवा इंजिनच्या गरम भागाला टेकू देऊ नका.

सेट करताना लिव्हरकडचा अ‍ॅडजस्टर जवळजवळ पूर्ण आत फिरवा, मोठं सेटिंग इंजिनकडच्या अ‍ॅडजस्टरने करा आणि लॉकनट घट्ट करा, म्हणजे पुढे वायर थोडी वाढली की वरूनच हाताने सेट करता येतं. मग न्यूट्रलमध्ये गाडी चालू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवा, रेस आणि लिव्हरचा प्ले दोन्ही बदलायला नको.

प्लेटांचं म्हणाल तर मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरला थ्रॉटल उघडा. आवाज चढला पण त्या मानाने वेग वाढला नाही तर प्लेटा घसरतायत. तसं नसेल तर काळजी नको.

तेलाचं वायरीवर अवलंबून आहे. आत नायलॉन किंवा टेफ्लॉनची नळी असेल तर तेल नको, साधी असेल तर वरून पातळ तेल थेंब-थेंब सोडा, खालून बाहेर येईपर्यंत. निपलला आणि लिव्हरच्या बोल्टला ग्रीस मात्र लावाच. निपल लिव्हरमध्ये फिरला नाही तर दर वेळी तार त्याच जागी वाकते आणि तिथेच तुटते, तुमची तशीच तुटत होती. लिव्हरचं भोक झिजून लांबट झालंय का तेही बघा, जुन्या गाडीत हे हमखास असतं.

धागालेखक:

खूप आभार दादा! माप सारखंच निघालं, टायचाच घोळ होता. कापला, वायर गाईडमधून घेतली, आता दोन्हीकडे वळवलं तरी प्ले तेवढाच राहतो, आणि वरच्या गिअरला घसरतही नाहीये. लिव्हरचं भोक खरंच लांबट झालंय, बोल्टही झिजलाय, तर रविवारी दोन्ही बदलतो. वायरीच्या टोकाला आत पांढरी नळी दिसतेय म्हणून तेल सोडलं नाही, फक्त निपलला ग्रीस लावलं.