टू-स्ट्रोक जेटस्की : प्लग सारखा ओला होतो, इरिडियम प्लग टाकू का?

तापीकाठ_शहादा
राम राम मंडळी. शालकाने दमणहून जुनी यामाहा जेटस्की आणली आहे. ६५० ची, दोन सिलेंडर, टू-स्ट्रोक. प्रकाशा बॅरेजच्या फुगवट्यात फिरवतो. फुल थ्रॉटलला सुसाट, पण काठाजवळ हळू घेतली की फडफडते, बंद पडते आणि मग लवकर उठत नाही. प्लग काळे, ओले. आत एनजीके कंपनीचे बीआर७एचएस प्लग आहेत. पेट्रोलमध्ये लिटरला ४० मिली तेल, पपईच्या फवारणी पंपाला वापरतो तेच. दुकानदार म्हणतो इरिडियम धातूच्या टोकाचे प्लग टाका, पॉवरही वाढेल. भाव ऐकून थांबलोय.

केळीवाला_रावेर
भो, सातऐवजी सहा नंबर टाक. गरम प्लगावर (ज्याचं टोक जास्त तापतं) काजळी टिकतच नाही. माझ्या जुन्या बाईकला तोच आहे, मक्खन चालते.

टूस्ट्रोक_दोंडाईचा
रावेरच्या भाऊंचा मान राखून सांगतो, सहा नंबर नको. एनजीकेत आकडा लहान तेवढा प्लग गरम. (बॉशचं उलटं, म्हणून काउंटरवर कायम गोंधळ.) बाईकला उतार मिळतो, आपण थ्रॉटल सोडतो. पाण्यात इंजिनवर भार सलग असतो. फुल थ्रॉटलला गरम प्लगाचं टोक लाल झालं की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टनला भोक पडतं.

इरिडियमचं मधलं टोक ०.६ मिमीचं, साध्याचं अडीच मिमीचं. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजवर उडते, स्टार्टिंगला थोडा फरक पडतो. पॉवर वाढते म्हणणाऱ्याला माल खपवायचा आहे. तेलाने भिजला की तोही भिजलाच.

तुमचं दुखणं तेलात आहे. लिटरला ४० मिली म्हणजे २५:१. अशा इंजिनांना साधारण ५०:१ लागतं, म्हणजे २० मिली. मॅन्युअल मिळालं तर त्यातला आकडा धरा. फवारणी पंप हवेवर थंड होतो, त्याच्या तेलातली काही द्रव्यं जळून राख सोडतात, ती प्लगाच्या फटीत बसते. यामाहाला टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं, बिनराखेचं तेल आणा. धुळ्यात नाही मिळालं तर सुरतेहून मागवा.

अजून एक, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो. तापलेली हवा विरळ, कार्ब्युरेटर मात्र पेट्रोल जवळपास तेवढंच सोडतो, म्हणजे मिश्रण अजून रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त). लोक ऊन बघून थंड प्लग शोधतात! इंजिन तर तापीच्या पाण्यावर थंड होतंय.

सध्या साधी बीआर७एचएसची नवी जोडी घ्या, गॅप (टोकांमधली फट) ०.६ ते ०.७ मिमी. इंजिन गार असताना आधी हाताने पूर्ण बसवा, मग पान्याने अर्धा फेरा. ॲल्युमिनियमचा हेड आहे, जोर दाखवू नका. नावातला आर सोडू नका, तो रेझिस्टरचा (ठिणगीचा विद्युत गोंगाट दाबणारा). आणि प्लग काढून स्टार्टर मारायचा असेल तर दोन्ही प्लगकॅप इंजिनच्या धातूला जोडून अर्थ करा, नाहीतर सीडीआय (ठिणगीची वीज देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जायची भीती.

हतनूर_भुसावळ
प्लगच्या नावातल्या एचचा ईही करू नका. बीआर८ईएस बाजारात जास्त दिसतो, पण त्याचे आटे १९ मिमी, तुमचे १२.७. पिस्टनला लागेल. पेट्रोलही बघा, आता ई२० (२० टक्के इथेनॉलचं) आहे. टाकीत पाणी शिरलं की इथेनॉल ते घेऊन तळाशी बसतं, आणि त्या थरात तेल नसतं. महिनाभर उभी राहिलेली गाडी तशीच पाण्यात घालू नका.

तापीकाठ_शहादा
धन्यवाद भाऊ. सीट उचलून पाहिलं, आत वेगळी छोटी टाकी आहे, बारीक नळ्या कार्ब्युरेटरकडे गेल्या आहेत. शालक म्हणतो ती कूलंटची.

टूस्ट्रोक_दोंडाईचा
कूलंट कसलं, नदीचंच पाणी फिरतंय त्यात. ती तेलाची टाकी. तिचा तेलपंप चालू असेल तर तेल दोनदा जातंय. पण लगेच कोरं पेट्रोल भरू नका, पंप बंद निघाला तर इंजिन जाम होईल. आधी ५०:१ करा, टाकीतल्या पातळीवर टेपची खूण करा आणि फिरवा. पातळी उतरली तर पेट्रोलात तेल घालणं बंद. नाही उतरली तर ५०:१ वरच चालवा. आणि शालकाला सांगा, घरी नळावर चालवताना आधी इंजिन, मग लगेच पाणी. बंद करताना आधी पाणी. उलट केलं तर पाणी सिलेंडरमध्ये जातं.