मदत हवी आहे: कार्डाचा चार्ज गिऱ्हाइकाकडून घ्यावा का?

नमस्कार मंडळी. माझा दुरुस्तीचा छोटा व्यवसाय आहे, सगळं एकहाती. कार्डाचं मशीन घेतल्यापासून कापली जाणारी रक्कम डोळ्यांत खुपायला लागलीय. टक्केवारी एकवेळ परवडते, पण दर व्यवहारामागे जो ठरावीक आकार लागतो तो लहान बिलाचा नफाच खातो. त्यातला मोठा वाटा सहसा कार्ड देणाऱ्या बँकेला, थोडा व्हिसा-मास्टरकार्डसारख्या नेटवर्कला आणि उरलेला मशीनवाल्यांना. म्हणजे घासाघीस करायची तर फक्त या शेवटच्यांशी.

गेल्या महिन्यात पाटी लावली: कार्डावर जादा आकार पडेल. दोन जुनी गिऱ्हाइकं चिडली, एक जण काही न बोलता निघून गेला. बाकीचे रोख द्यायला लागले. पण मग सुट्ट्यांची बोंब, रात्रीची मोजदाद, बँकेत भरण्याची खेप... रोखही फुकट पडत नाही म्हणायची! (खोट्या नोटेचं तर बोलूच नका.)

आता वाटतं, पाटी काढून दर थोडे वाढवावेत आणि रोखीवर सूट द्यावी. हिशेब तोच, पण ‘दंड’ वाटणार नाही. हे कुणी करून पाहिलंय का? की लहान बिलांना कार्डच नको म्हणावं?

नियम जागोजागी वेगळे आहेत, हे माहीत आहे. युरोपियन युनियन आणि ब्रिटनमध्ये जानेवारी 2018 पासून ग्राहकांच्या नेहमीच्या कार्डांवर असा आकार लावताच येत नाही. त्यामुळे तुमचा अनुभव सांगताना देशही सांगा. आणि मशीनवाल्यांकडून दर कमी करून घेतलेलं कुणी असेल, तर नेमकं काय बोललात?