मदत हवी आहे: किंडलचा ब्राउझर पीडीएफ उतरवूच देईना, नोट्स आत घालायच्या कशा?

घरकुलकर
नमस्कार मंडळी. एमपीएससीचा अभ्यास करायलोय, राहायला सोलापुरात विडी घरकुलला, अभ्यासिका अशोक चौकाकडं. दिवसभर मोबाईलवर पीडीएफ वाचून डोळे लई चुरचुरायलेत आणि मधेच एक नोटिफिकेशन आलं की अर्धा तास गेलाच म्हणून समजा, म्हणून पुण्याच्या मावसभावाकडं पडून असलेला जुना किंडल (ॲमेझॉनचं पुस्तकं वाचायचं यंत्र) मागून आणला. साधा सहा इंची, टचवाला, मायक्रो यूएसबीचा. लॅपटॉप नाही माझ्याकडं, आधीच सांगून ठेवतो.

आता अडचण अशी की मोबाईलचं हॉटस्पॉट चालू करून किंडलमधला वेब ब्राउझर उघडला, बालभारतीच्या साईटवर गेलो, पुस्तकाच्या पीडीएफवर बोट ठेवलं तर म्हणतंय की एझेडडब्ल्यू, पीआरसी, मोबी नाहीतर टीएक्सटी प्रकारची फाईल असेल तरच उतरवता येईल. लोकराज्यचा अंक उघडला तरी तेच. म्हणजे सरकारनं फुकट दिलेली पुस्तकं, माझा नेट, माझा हॉटस्पॉट आणि मधे हा दारावरचा वॉचमन. अभ्यासिकेतला एकजण म्हणतोय फाईलचं नाव बदलून शेवटी मोबी लाव, आत घेईल. खरंच चालतं का हे? घराजवळच्या नेट कॅफेत वायरनं टाकू म्हटलं तर ते व्हायरसच्या भीतीनं पेनड्राईव्हसुद्धा लावू देत नाहीत.

कुणी केलं असेल तर सांगा. फक्त 'टॅब घे' म्हणू नका, टॅबवर मी काय बघत बसणार ते मला माहिताय.

शेंगाचटणी
भावा, ब्राउझरचा नाद सोड. तो त्या चारच प्रकारांना आत घेतो. नाव बदलून उपयोग नाही, कदाचित उतरेल पण उघडताना आतला माल पीडीएफचाच निघणार.

सेंड टू किंडल वापर, म्हणजे किंडलवर फाईल पाठवायची ॲमेझॉनचीच सोय, त्याला लॅपटॉप लागत नाही. मोबाईलवर किंडलचं ॲप टाक, पीडीएफ उघडून शेअर दाब, त्यात किंडलचं चिन्ह येतंय. किंवा ईमेल कर. तुझ्या किंडलला स्वतःचा ईमेल पत्ता असतो, सेटिंगमध्ये अकाउंटच्या पानावर दिसेल, शेवटी ॲट किंडल डॉट कॉम. ज्या ईमेलवरून पाठवणार तो अकाउंटच्या मंजूर यादीत पाहिजे, नाहीतर फाईल पोचत नाही. ईमेलनं ५० एमबीपर्यंत जाते, वेबसाईटवरून २०० एमबीपर्यंत. ईपब (ई-पुस्तकांच्या फाईलचा प्रकार) पण चालतं, २०२२ पासून. उलट मोबी तिथून बंद केलंय, त्यामुळं जुन्या व्हिडिओत 'आधी मोबी करा' सांगतात ते ऐकू नको.

आणि मुख्य गोष्ट, किंडल अजून मावसभावाच्याच अकाउंटवर असणार. आधी डीरजिस्टर करून, म्हणजे त्याचं अकाउंट काढून, तुझ्या नावावर घे. नाहीतर तुझं राज्यशास्त्र त्याच्या मोबाईलच्या लायब्ररीत जाऊन बसेल 😄

हुतात्मा_लेट
हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर असेल तर जुन्या साध्या किंडलला दिसणारच नाही, २.४ वर ठेव. तुझं जोडलं गेलंय म्हणजे ठीक आहे, बाकी वाचणाऱ्यांसाठी लिहिलं.

घरकुलकर
@शेंगाचटणी लई आभार, काम झालं. मावसभावाला फोन केला, डीरजिस्टर केलं, माझं अकाउंट टाकलं, पीडीएफ आली. पण आता दुसरंच दुखणं निघालं. पान सहा इंचात बसवतंय त्यामुळं अक्षर मुंगीएवढं, बोटानं मोठं करावं तर प्रत्येक ओळीला पान इकडून तिकडं सरकवायला लागतंय. मग कुठंतरी वाचलं की ईमेलच्या विषयात कन्व्हर्ट लिहून पाठवलं की अक्षर लहानमोठं करता येतंय. तसं केलं तर एका क्लासच्या नोट्स उघडल्या आणि आत मराठीचा पत्ताच नाही, नुसती इंग्रजी अक्षरं, डॉलर, टक्के, कंस. मोबाईलवर हीच फाईल व्यवस्थित मराठी दिसते. किंडलला मराठी येत नाही का?

डीटीपीवाला
किंडलला मराठी चांगली येते. त्या फाईलमध्येच मराठी नाही. नवी पेठेत लग्नपत्रिका आणि क्लासच्या नोट्स जुळवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्याकडं छपाईचं काम अजून खूप ठिकाणी श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात चालतं. त्यात कॉम्प्युटरच्या लेखी 'क' हा क नसतोच, कुठलंतरी इंग्रजी अक्षर असतं आणि त्याच्यावर फाँटनं क चं चित्र चढवलेलं असतं. पीडीएफमध्ये तो फाँट सोबत बांधलेला असतो म्हणून मोबाईलवर मराठी दिसतं. कन्व्हर्ट केलं की फाँट जातो, मजकूर तेवढा राहतो, आणि मजकूर म्हणजे ते डॉलर आणि टक्के. सोंगाड्याचा मुखवटा काढल्यासारखं.

पाठवायच्या आधी एक करत जा. पीडीएफमधली एक ओळ मोबाईलवर कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये स्वतःलाच पेस्ट करा. इंग्रजी कचरा आला तर जुना फाँट. ओळ निवडताच येत नसेल तर ते स्कॅन आहे, म्हणजे नुसता फोटो. मराठी आली तर युनिकोड, म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखीही खरीच मराठी अक्षरं, पण तिथंही नीट बघा, 'किती'चं 'िकती' झालेलं असतं, वेलांटी आधी पळते, जोडाक्षरं फुटतात. असलं पन्नास पानं वाचलंत तर परीक्षेत तसंच लिहाल. थोडक्यात मराठी पीडीएफ शक्यतो कन्व्हर्ट करूच नका, पीडीएफ म्हणूनच पाठवा.

मग वाचायची कशी? किंडल आडवा धरा. पीडीएफ उघडल्यावर वरच्या मेनूत आडव्याची सोय आहे. रुंदीला पान पूर्ण बसतं, अक्षर बऱ्यापैकी मोठं होतं, अर्धं पान वाचून खाली सरकायचं. तिथंच कॉन्ट्रास्ट वाढवता येतो, फिकट झेरॉक्सचं स्कॅन असेल तर फार फरक पडतो. एखाद्या मित्राचा कॉम्प्युटर तासभर मिळाला तर के-टू-पीडीएफ-ऑप्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते पानातला एकेक शब्द चित्र म्हणून कापतं आणि छोट्या स्क्रीनच्या मापानं परत रचतं. शब्दाचं चित्रच उचलत असल्यामुळं फाँट कुठला का असेना, त्याला फरक पडत नाही. तक्ते मात्र पार विस्कटतात, ती पानं वेगळी काढून ठेवा.

पार्कचौक
वायरनं टाकायचं असेल तर नेट कॅफे कशाला पाहिजे, ओटीजी (मोबाईलला पेनड्राईव्ह जोडायचा जोड) घे. जुना किंडल मोबाईलला पेनड्राईव्हसारखाच दिसतो. डॉक्युमेंट्स नावाच्या फोल्डरात पीडीएफ टाकली की संपलं, नेट नको, एमबीची मर्यादा नको. ईपब मात्र असं वायरनं टाकलं तर यादीत दिसत नाही, ते सेंड टू किंडलनंच पाठव. आणि केबल डेटाची पाहिजे, फुटपाथवरच्या निम्म्या केबली नुसतं चार्जिंग करतात. २०२४ पासूनचे नवे किंडल पेनड्राईव्हसारखे दिसत नाहीत, त्यांचं कनेक्शन वेगळ्या प्रकारचं आहे.

ब्राउझरमधूनच उतरवायची हौस असेल तर कॅलिबर, ई-पुस्तकं सांभाळायचं सॉफ्टवेअर. भारतीय माणसानं, कोविद गोयल यांनी बनवलंय, २००६ पासून चालू आहे, फुकट. कॉम्प्युटरवर त्याचा कंटेंट सर्व्हर चालू करायचा, एकाच वायफायवर किंडलच्या ब्राउझरमध्ये कॉम्प्युटरचा आयपी पत्ता, पुढं :8080/mobile टाकायचं, मोबाईलसाठीचं साधं पान उघडतं. तिथून मोबी उतरतं कारण ते त्या चार प्रकारांत बसतं. पण लॅपटॉप नसताना हा सगळा द्राविडी प्राणायाम आहे.

नवीन_सभासद
याच कॅलिबरनं विकतच्या पुस्तकांचं लॉक पण निघतं का? मित्राला द्यायचंय.

पार्कचौक
ते इथं नको. धागा फुकट आणि स्वतःच्या फायलींचा आहे.

घरकुलकर
आडवं धरून वाचायलोय, बालभारतीचं इतिहासाचं पुस्तक एकदम मस्त दिसतंय, वरच्या बाकावर ऊन आलं तरी. @डीटीपीवाला काका, व्हॉट्सॲपवाली टेस्ट अभ्यासिकेत सगळ्यांना दाखवली, क्लासच्या नोट्स बहुतेक सगळ्या जुन्या फाँटातल्याच निघाल्या. ओटीजी उद्या आणतो. अजून एकच, नकाशे रंगीत आहेत आणि इथं सगळं करडं दिसतंय, पावसाचं वितरण तर अजिबात कळत नाही. आणि मुळातच युनिकोडात असलेलं, अक्षर मोठं करून वाचता येईल असं मराठी कुठं मिळतंय का?

डीटीपीवाला
नकाशाला इलाज नाही, तो मोबाईलवर नाहीतर छापील ॲटलासमध्येच बघा. युनिकोडसाठी मराठी विकिस्रोत आहे, तिथं पुस्तकाच्या पानावर डाउनलोडमध्ये ईपब मिळतं, ते सरळ सेंड टू किंडलला द्या, अक्षर हवं तेवढं मोठं करा. मराठी विश्वकोशाच्या नोंदीही साईटवर युनिकोडात आहेत, पाहिजे त्या वर्ड फाईलमध्ये एकत्र चिकटवून पाठवल्या तर चालतात. आणि क्लासवाल्यांना म्हणावं पुढची बॅच तरी युनिकोडात जुळवून घ्या, पैसे तेवढेच लागतात.