बाबांना कॅन्सरचं सांगितलेलं नाही, पण मला वाटतं त्यांना कळलंय. मदत हवी आहे

नमस्कार. थोडं लांब लिहितेय, पण पूर्ण वाचा ही विनंती.

बाबा 71 वर्षांचे आहेत. दीड महिन्यापूर्वी स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, तोही यकृतापर्यंत पसरलेला. डॉक्टरांनी मला आणि काकांना बाहेर बोलावून सांगितलं की ऑपरेशन होणार नाही, केमोने थोडा रोखता येईल, त्रास कमी होईल, पण बरा होणार नाही. आत आल्याबरोबर काका म्हणाले, "लिव्हरला सूज आहे दादा, सलाईनचे काही डोस घ्यावे लागतील." मी शेजारी उभी होते. मीही मान डोलावली.

बाबांना प्रत्येक कागदाला नंबर घालून फाइल लावायची सवय आहे. बायोप्सीचा आणि स्कॅनचा रिपोर्ट आम्ही काढून घेतला, तेव्हा ते नंबर लक्षातच आले नाहीत. परवा फाइल उघडली तर 14 च्या पुढे 17 होता, आणि त्या 17 वर पेन्सिलीने बारीक अक्षरात 15 लिहिलेलं. पुढचे सगळे कागदही तसेच दोन-दोनने मागे आणलेले. कोणालाही एक शब्द न विचारता त्यांनी फाइल नीट करून ठेवली होती. तेव्हापासून मला झोप नाही.

आई म्हणते, "त्यांना कळलं तर हाय खातील. आणि वाईट बोलूच नये, वास्तू तथास्तु म्हणत असते." काका म्हणतात, "मरायच्या आधी मारायचं का माणसाला?" दोघांचंही प्रेम आहे, त्याबद्दल शंका नाही. पण आई हल्ली बाबांशी पाठ करून बोलते, चेहरा दिसू नये म्हणून. त्यांनी काही विचारलं की हाताला येईल ते पुसत उत्तर देते.

घरात एक वाक्य सारखं येतं: "सांगणं वगैरे परदेशात, आपल्यात नाही." म्हणून थोडं वाचलं. 1961 साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात डॉक्टरांची पाहणी आली होती. त्यातले जवळजवळ 90 टक्के डॉक्टर कॅन्सरचं निदान पेशंटला सहसा सांगत नव्हते. 1979 मध्ये तशीच प्रश्नावली पुन्हा दिली, तर 97 टक्के सांगण्याच्या बाजूने होते. म्हणजे 'तिकडची पद्धत' म्हणतात ती अठरा वर्षांत उलटी झाली. जपानचे सम्राट हिरोहितो 1989 च्या जानेवारीत कॅन्सरने गेले, त्यांना शेवटपर्यंत निदान सांगितलं नव्हतं.

मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते 1995 च्या एका अभ्यासाने. लॉस एंजलिसमधल्या 65 वर्षांवरच्या 800 लोकांना विचारलं होतं की पसरलेल्या कॅन्सरचं निदान पेशंटला सांगावं का. युरोपीय वंशाच्या 87 टक्के लोकांनी हो म्हटलं, कोरियन वंशाच्या 47 टक्के लोकांनी. काका हे ऐकून म्हणतील, बघ, संस्कृतीचा फरक आहेच. आहेच की. पण त्या 47 मधले बाबा की उरलेल्या 53 मधले, हे संस्कृती कशी सांगणार? ते बाबाच सांगू शकतात, आणि त्यांना आमच्यापैकी कोणी विचारलेलंच नाही.

बाबांना धरून बसवून 'तुम्हाला कॅन्सर आहे' असं मला सांगायचं नाही. त्यांना किती जाणून घ्यायचंय हे विचारायचंय. ते कोणत्या शब्दांत विचारू? आणि आईचा विश्वास न तोडता कसं करू?

प्रतिसाद

ताई, मी पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे गंभीर आजारात पेशंटचा त्रास कमी करणाऱ्या विभागात, नर्स आहे. पेन्सिलीचं वाचून हातातलं काम बाजूला ठेवलं. ग्लेझर आणि स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी 1965 मध्येच हे लिहून ठेवलंय: पेशंटला ठाऊक, घरच्यांना ठाऊक, आणि दोघंही एकमेकांसमोर ठाऊक नसल्याचं सोंग करतात. यात पेशंट तुम्हालाच सांभाळत असतो. बाबा बहुधा तेच करताहेत.

आधी आईशी बोला, पण वाद घालू नका. "तुला कशाची भीती वाटते?" एवढं विचारा आणि ऐका. मग दोन गोष्टींचं वचन द्या: त्यांच्यावर काही लादणार नाही, आणि त्यांनी सरळ विचारलं तर खोटं बोलणार नाही. बहुतेक घरांत एवढ्यावर गाडी पुढे सरकते.

बाबांना आधी विचारायचं, "आजाराबद्दल तुम्हाला काय काय सांगितलंय, तुम्हाला स्वतःला काय वाटतंय?" मग गप्प बसायचं. ही शांतता फार जड जाते, पण ती तुम्ही भरू नका. नंतर विचारा, "रिपोर्टमधलं सगळं तुम्हाला कळावं असं वाटतं, की आम्ही आणि डॉक्टरांनी बघावं?" वाईट बातमी सांगण्याची सहा पायऱ्यांची एक पद्धत 2000 साली प्रसिद्ध झाली, आम्हाला तीच शिकवतात. तिच्यातही हे दोन प्रश्न माहिती देण्याच्या आधी येतात. ते "तुम्हीच बघा" म्हणाले तर तोही त्यांचा हक्क आहे. तेवढ्यावर थांबा, आणि काही दिवसांनी पुन्हा एकदा विचारा.

डॉक्टरांना आधी फोन करून वेगळी वेळ मागा, राउंडच्या घाईत हे होत नाही. आणि केमोचं मनावर घ्या. बरं होण्यासाठी सोसतोय असं समजून माणूस पुष्कळ सोसतो. कशासाठी सोसायचं ते ठाऊक असेल तर कदाचित तो वेगळं ठरवेल.

धागाकर्ती

तुमचे खूप आभार. काल रात्री आईशी बोलले. भीती कशाची, असं विचारल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ते मला विचारतील, आणि मला उत्तर देता येणार नाही." वचनाचं सांगितलं. त्यावर तिने विचारलं, "मग मला त्यांच्याकडे बघून बोलता येईल का गं?"

काका अजून नाराज आहेत. पण शुक्रवारी संध्याकाळी डॉक्टरांनी अर्धा तास दिलाय. काढलेले दोन्ही रिपोर्ट मी पिशवीत घेतलेत. बाबांनी मागितले तरच बाहेर काढेन.

एक विचारायचं राहिलं: आईला सुरुवातीपासून आत बसवावं, की आधी बाबांना एकट्याला बोलू द्यावं? कोणी अशा बैठकीत बसलं असेल तर शुक्रवारच्या आत नक्की लिहा.