रमाबाईंचं दुःख संपलं होतं?
'येशूला शरण गेल्यावर पंडिता रमाबाईंची दुःखं संपली' असं एक विधान वाचलं, ते पटलं नाही. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, १८८० ला भाऊ, १८८२ ला नवरा. हे १८८३ च्या बाप्तिस्म्याआधीचं, खरंय. पण एकुलती एक मनोरमा गेली १९२१ मध्ये! केडगावचं मुक्ती मिशन, म्हणजे रमाबाईंनी निराधार स्त्रिया-मुलींसाठी काढलेली संस्था, जिच्या हाती सोपवायची, तीच लेक. रमाबाई तेव्हा हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणत होत्या. ते काम त्यांनी सोडलं नाही, ५ एप्रिल १९२२ ला जाण्याआधी पुरं केलं.

आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली त्यांनी आणल्या, त्यामागे स्वतःच्या उपासमारीची आठवण होतीच. (ती त्या विसरल्या असत्या, तर कदाचित त्या मुलींना आणायला गेल्याही नसत्या.)