मदत हवी आहे: सांतियागोहून वाइन आणि शिंपल्यांची एका दिवसाची सहल, दोनपैकी कुठली घेऊ?

खाजणवाट (रविवार, रात्री ९.१०)
मंडळी, घाईत लिहितेय. पुढच्या सोमवारी सांतियागोहून किनाऱ्यावरची एका दिवसाची गाइडसह सहल घ्यायची आहे. दोन पर्याय निवडून ठेवलेत.
अ) बोट, बोटीवर कालवं आणि वाइन, मग एक वाइनरी. मोठी बस.
ब) दोन वाइनरी, वाइनबरोबर दुपारचं जेवण. छोटी गाडी, आठ माणसं. अ च्या जवळजवळ दुप्पट पैसे.
कुणी गेलंय का? आज रात्री पैसे भरले तर सवलत आहे. कृपया फक्त अ की ब एवढंच सांगा.

दूरदेशी (९.२६)
ब घ्या. सांतियागोहून कासाब्लांका खोरं रस्त्याने तासाभरावर आहे आणि तिथली सोविन्यॉन ब्लां सुरेख असते. समुद्रातल्या थंड हुंबोल्ट प्रवाहामुळे सकाळी खोऱ्यात धुकं येतं, द्राक्षं सावकाश पिकतात आणि आंबटपणा टिकतो. पुढे वाल्पाराइसोला उतरून माचास आ ला पार्मेसाना खायला विसरू नका, शिंपल्यांवर चीज घालून भाजतात. फक्त या दिवसांत तिकडे हिवाळा नुकता संपत असतो, गरम कपडे न्या.

खाजणवाट (९.३१)
चिली नव्हे हो, स्पेन! सांतियागो दे कोम्पोस्तेला. मला वाटलं लक्षात येईल.

दूरदेशी (९.३३)
कसं येणार? तुम्ही देशाचं नावच लिहिलेलं नाही. वरचं लिहिलेलं पुसत नाही, चिलीला जाणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल.

पाऊलखुणा (९.४०)
म्हणजे रिआस बाइशास, तिथल्या खाड्यांचा भाग, अल्बारिन्यो या पांढऱ्या वाइनचा मुलूख. मी दोनदा गेलोय. पण अ की ब असं सांगता येत नाही. किती जण आहात? कुणी लहान, कुणी वयस्क? गाडी चालवता का? वाइन सगळे पितात का? बोट लागते का कुणाला? आणि अ ची बोट ओ ग्रोवेहून सुटते का?

खाजणवाट (९.५२)
तिघं. मी, नवरा आणि माझी आई (६८). आम्ही दोघं कामिनोच्या यात्रेवाटेने सारियापासून चालत येतोय, आई विमानाने थेट सांतियागोला येणार. नेदरलँड्समध्ये परवाना आहे, पण मला तिकडे गाडी चालवायची नाही. बोट ओ ग्रोवेहूनच.

मुक्काम_पोर्तो (१०.०३)
पोर्तोला या! सांतियागोहून बसने तीनेक तासांत पोचता. दोरो खोरं, नदीकाठची रेल्वे आणि मातोझिन्योसला कोळशावर भाजलेली सार्डिन. रिआस बाइशासपेक्षा दहापट देखणं. पोर्ट वाइन तर आईंनाही आवडेल, गोड असते.

पाऊलखुणा (१०.०८)
त्यांच्याकडे एक दिवस आहे, त्यात जाऊनयेऊन सहा तास बस? आणि चालून आलेल्या पायांनी?

बंदरावरचा (१०.१५)
गाडी भाड्याने घ्या, गाइड कशाला! एपी-९ महामार्गाने तासाभरात पोचाल. बसवाले दुकानात नेतात, चाळीस मिनिटं देतात आणि परत कोंबतात. आम्ही मागे अशाच एका सहलीत तीन ठिकाणी थांबलो, आणि सगळ्यात जास्त वेळ थांबलो तो बाटल्या विकायच्या काउंटरसमोर.

पाऊलखुणा (१०.१९)
वाइनच्या सहलीला गाडी चालवत जायचं? तिथे रक्तातल्या दारूची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे. तीन ग्लास चाखले की एकाला वाइन थुंकावी लागेल किंवा गाडी तिथेच ठेवावी लागेल. आणि ताईंनी स्पष्ट लिहिलंय की गाडी चालवायची नाही.

बंदरावरचा (१०.२२)
नवरा चालवेल की.

खाजणवाट (१०.२४)
नवराच वाइनसाठी येतोय. विषय संपला.

कोळंबकाठी (१०.३७)
एक दुरुस्ती. बोटीवर मिळतात ती कालवं नव्हेत. कालवं म्हणजे ऑइस्टर, खडकाला चिकटलेली, कोयत्याने फोडून काढावी लागतात. तिकडचा मेहियोन म्हणजे आपल्या वेंगुर्ला-मालवणकडचे शिनाणे. आपल्या शिनाण्यांचं कवच हिरवट, त्यांचं काळं-निळं, आतला गर नारिंगी.
पण खरी मजा वाढवण्यात आहे. खाडीत निलगिरीच्या लाकडाचे तराफे नांगरलेले असतात, त्यांना बातेआ म्हणतात. एका तराफ्याला जास्तीत जास्त ५०० दोर, प्रत्येक दोर १२ मीटरपर्यंत. गालिसियात, म्हणजे सांतियागो ज्या प्रांतात आहे तिथे, असे तीन हजारांहून जास्त तराफे आहेत. उन्हाळ्यात उत्तरेचा वारा वरचं पाणी समुद्राकडे ढकलतो, त्या जागी तळाचं गार, सकस पाणी खाडीत वर येतं. त्यावर शिनाणे पोसतात, वेगळं काही खायला घालावं लागत नाही. अ ची बोट तराफ्याला टेकते आणि गडी दोर वर ओढून दाखवतो. बऱ्याच बोटींना पाण्याखाली काचा असतात, लोंबणारे दोर दिसतात. माझं मत अ.

मसालेवाली (१०.४५)
बोटीवरचे शिनाणे नुसते उकडलेले असतात, फार तर लिंबाची फोड. आईंसाठी मालवणी मसाल्याची पुडी आणि ओलं खोबरं डब्यात न्या.

कोळंबकाठी (१०.४९)
कृपा करून नेऊ नका. ताज्या शिनाण्याचं स्वतःचं खारट-गोड पाणी असतं, मसाल्याखाली ते मरतं.

मसालेवाली (१०.५१)
६८ वर्षांच्या बाईने अळणी खावं की नाही हे तुम्ही ठरवू नका.

तासगावचा_मळा (११.०२)
वाइन मी घेत नाही, पण मुलाने तिकडच्या बागांचे फोटो पाठवले होते म्हणून लिहितो. त्यांची द्राक्षं आपल्यासारखी मांडवावर आहेत. फरक एवढाच की डांब ग्रॅनाइटच्या दगडाचे. कारण मात्र उलटं. आपल्याकडे उन्हाने घड भाजू नयेत म्हणून वर पानांची सावली हवी. तिकडे पाऊस आणि दमट हवा, वेल जमिनीपासून उंच नेला की खालून वारा खेळतो आणि डावणी ही बुरशी कमी येते. आपण एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन छाटण्या घेतो, ते हिवाळ्यात एकच घेतात. मांडवाखाली कोबी-बटाटेही लावतात म्हणे. ताई, खालून वर बघत एक फोटो काढा. घड जिथून लोंबतो तिथली काडी दिसली पाहिजे.

द्राक्षवेडा (११.०९)
एवढ्या लांब कशाला? नाशिकला सुला आहे, गंगापूर धरणाच्या बाजूला. आईंना गुडघ्याचा त्रास असेल तर तेच बरं.

खाजणवाट (११.१२)
आम्ही त्या आठवड्यात स्पेनमध्ये असणार आहोत. नाशिकला कशा येणार?
तासगावकर दादा, फोटो नक्की. आणि हो, गुडघा दुखतो आईचा. तिला मधुमेहही आहे, एक वाजता जेवायला लागतं. वाइन ती पीत नाही.

अंगणवेल (११.२०)
अहो, मग ब मध्ये आई दिवसभर काय करणार? दोन तळघरं उतरायची, दोनदा सगळ्यांच्या हातात ग्लास आणि त्यांच्या हातात पाण्याची बाटली. तिकडे जेवण सहसा दोनच्या आत मिळत नाही, बऱ्याचदा तीन वाजतात. पर्समध्ये चणे-राजगिरा ठेवा.
आणि एक विचारते, रागावू नका. सोमवारी आई मासे खातात का? वेंगुर्ल्याकडच्या दिसताय म्हणून विचारलं.

खाजणवाट (११.२६)
अगं बाई. आई सोमवार पाळते. लग्नाआधीपासून. माझ्या डोक्यातच आलं नाही, मी फक्त सुट्टी आणि सवलत बघत होते.

कोळंबकाठी (११.३१)
आमच्याकडे बुधवार, शुक्रवार, रविवार हेच माशांचे वार. शिवाय सोमवारी स्पेनमध्येही ताजी मासळी कमी. रविवारी होड्या जात नाहीत, लिलाव होत नाही, कितीतरी खानावळी सोमवारी बंद. शिनाण्यांचं अडत नाही, ते तराफ्यावरच असतात. बुधवार बघा.

पाऊलखुणा (११.४४)
सगळं वाचून माझं मत बदललं. अ पण नको, ब पण नको.
आईंचं माहेर खाडीकाठचं असेल तर कांबादोसला जा, तेही खाडीकाठचंच गाव. ओहोटीला वाळूत उतरून शिंपले वेचणाऱ्या बायकांना तिकडे मारिस्कादोरा म्हणतात. तिथे त्यांचीच गुइमातुर नावाची संस्था आहे, त्या स्वतः लोकांना वाळूवर नेऊन काम दाखवतात. त्यांना आधी लिहा, ओहोटी बघून वेळ देतात. सांतियागोहून विलागार्सिआपर्यंत रेल्वे आहे, पुढे टॅक्सीने वीसेक मिनिटं. नवऱ्यासाठी तिथल्या चौकातच पासो दे फेफिन्यान्स, राजवाडाच आहे, आणि त्यातली वाइनरी १९२८ पासून अल्बारिन्यो बाटलीत भरतेय. गाइड मिळाला, वाइन मिळाली, गाडी चालवायला नको. फक्त वाइनरीला आधी कळवा. सप्टेंबर म्हणजे तोडणीचे दिवस, न कळवता गेलात तर दारात कुणी भेटणार नाही.

बंदरावरचा (११.५०)
हे पटलं. तरी परतीच्या गाड्यांच्या वेळा आधी पाहा, संध्याकाळी अडकायला नको.

मसालेवाली (सोमवार, सकाळी ७.१५)
ओहोटीची वेळ काढणं सोपं आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, तिच्यात सहा तास मिळवले की ओहोटी. माझे आजोबा असंच काढायचे.

कोळंबकाठी (७.४०)
ते कोकणच्या किनाऱ्याला लागू. आपल्याकडे अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास भरती. गालिसियात त्याच दिवशी, त्यांच्या उन्हाळी घड्याळाने, दुपारच्या आसपास ओहोटी लागते. प्रत्येक किनाऱ्याचा हिशोब वेगळा. एवढं खरं की त्या दिवशी उधाण असतं, पाणी खूप लांब जातं आणि वाळू जास्त उघडी पडते. रोज वेळ पाऊण तासाने पुढे सरकते, ते मात्र तिकडेही तसंच.

मसालेवाली (७.४४)
हे माहीत नव्हतं. बरं झालं सांगितलंत.

खाजणवाट (७.५८)
रात्री पैसे भरले नाहीत. कांबादोसला लिहिलंय. आईला फोनवर सांगितलं तर तिने पहिला प्रश्न विचारला, पाणी किती खोल आणि साडी खोचता येईल का. अंगणवेलताई, तुमच्या त्या एका प्रश्नाबद्दल खूप आभार.

दूरदेशी (९.०५)
गमबूट तिथे देतात का विचारा. आणि गुडघ्यासाठी काठी.

खाजणवाट (नंतरच्या आठवड्यात, गुरुवार, रात्री १०.३०)
जाऊन आलो, काल. थोडक्यात लिहिते, पाय अजून दुखतायत.
ओहोटी साडेअकराला होती. आईला गमबूट मिळाले, साडीऐवजी माझी ट्रॅकपँट. दाखवणारी बाई आईच्याच वयाची, निम्मं गालिसियन आणि निम्मं हातवारे. तिने लांब दांड्याचं दाताळं वाळूत ओढून दाखवलं. आई मात्र दाताळ्याकडे बघतच नव्हती. ओल्या वाळूत दोन बारीक भोकं शेजारी शेजारी दिसली, तिने बाजूने दोन बोटं खुपसली आणि शिंपला वर काढला. "गो, हे तर आमचेच तिसरे!" त्या बाईने आईच्या बोटांकडे बघितलं, मग खिशातून मोजायची पट्टी काढून शिंपला तिच्यात घातला. लहान भरला. आईने स्वतः वाकून तो होता तिथेच परत पुरला.
ती सांगत होती की परवान्याशिवाय कुणी वेचायचं नाही, रोज किती न्यायचे तेही ठरलेलं. मागच्या काही वर्षांत धो धो पावसाने खाडीचं पाणी गोडं झालं, तेव्हा बर्बेरेचो नावाचे छोटे गोल शिंपले ढिगांनी मेले आणि बायकांना महिनोन् महिने काम नव्हतं. आई म्हणाली, आमच्याकडेही पहिल्या पुरानंतर तिसरे उघडे पडतात. हे मला कधीच सांगितलं नव्हतं तिने.
जेवण दोनला मिळालं. राजगिऱ्याचा लाडू कामी आला. शिनाणे उकडलेलेच होते, तमालपत्र घालून. मसालेवालीताई, पुडी नेली होती. आईने उघडली, वास घेतला आणि परत बांधून ठेवली. रात्री हॉटेलवर ऑम्लेटवर घातली.
नवऱ्याला फेफिन्यान्सची वाइन आवडली, दोन बाटल्या घेतल्या. तासगावकर दादा, फोटो लावलाय, काडी नीट दिसतेय का पाहा. तोडणी चालू होती, अर्धे घड गेलेले.

तासगावचा_मळा (११.१०)
दिसतेय. काडीवरचे डोळे चांगले फुगलेत. डांबाला तार कशी बांधलीय त्याचा जवळून काढलेला फोटो आहे का? दगडाला भोक पाडलंय की नुसता वेढा घातलाय?

अंगणवेल (११.१४)
आईंना नमस्कार सांगा.

नवा_सभासद (शुक्रवार, सकाळी ८.०२)
धागा पूर्ण वाचला नाही. आम्ही डिसेंबरमध्ये जातोय, अ घेऊ की ब?

पाऊलखुणा (८.२०)
डिसेंबरमध्ये बोटीच्या फेऱ्या आहेत का ते आधी विचारून घ्या, हंगाम संपला की फार कमी होतात. शरदात विषारी शेवाळ वाढलं तर तपासणी करून तराफे काही दिवस बंदही ठेवतात, तेही पाहा. आणि किती जण आहात, कुठून निघणार, मासे कुठल्या वारी खाता, एवढं लिहा.