एपिग्राम वाचायला आणि लिहायला सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी,
एपिग्रामचं, म्हणजे दोन-चार ओळींत नेमका घाव घालणाऱ्या कवितांचं मला वेड लागलंय. स्वतःही लिहून बघते, पण पहिल्या वाचनात हसू येतं आणि दुसऱ्यांदा वाचलं की हाती काहीच उरत नाही. टोमण्याची कविता कधी होते, ते शिकायचंय. कोणाला वाचू? इंग्रजी भाषांतरं चालतील.

प्रतिसाद १
मार्शल घ्या, दुसरा विचारच करू नका. पहिल्या शतकात स्पेनमधून रोमला आलेला हा कवी जन्मभर जवळजवळ हेच लिहीत राहिला. दीड हजारांहून जास्त एपिग्राम आहेत, त्यामुळे सलग वाचत सुटू नका. एका बैठकीला पाच-सहा पुरेत. सम्राट डोमिशियनच्या स्तुतीचे खुशाल ओलांडा.

पहिल्या पुस्तकातला ३८वा आधी काढा. फिडेंटिनस नावाचा कोणी मार्शलच्या कविता लोकांना म्हणून दाखवतोय. मार्शल त्याला दोनच ओळी ऐकवतो: फिडेंटिनस, तू म्हणून दाखवतोयस ते पुस्तक माझं आहे, पण तू ते इतकं वाईट म्हणून दाखवतोस ना, तेव्हा ते व्हायला लागतं तुझं. मुळातही 'तुझं' अगदी शेवटी येतं. तोवर आपल्याला वाटतं, हा आपला हक्क सांगतोय. शेवटच्या शब्दाला तो हक्कच सोडून देतो आणि समोरच्याची पुरती अब्रू जाते. शिवी एकही नाही. हे दहादा वाचलं तरी शिळं होत नाही, कारण गंमत मांडणीतच मुरलेली आहे.

प्रतिसाद २
याला जोड म्हणून जर्मन लेखक लेसिंगचा १७७१ मधला एपिग्रामवरचा निबंध वाचा. एपिग्राम मुळात दगडावर कोरलेला लेख. लेसिंग म्हणतो, स्मारक दुरून दिसलं की कुतूहल जागं होतं आणि जवळ जाऊन लेख वाचला की ते शमतं. कवितेतही हे दोन भाग हवेत: आधी अपेक्षा, मग उलगडा. तुमच्या ओळींत बहुधा नुसता उलगडा असेल. वाचक उत्सुक व्हायच्या आतच उत्तर हातात पडत असेल.

प्रतिसाद ३
मला मात्र एपिग्राम म्हणजे फक्त चिमटा, हे पटत नाही. त्याच मार्शलचा पाचव्या पुस्तकातला ३४वा वाचा. इरोटिऑन ही छोटी दासी गेली, सहा वर्षं पुरी व्हायला सहा दिवस उरले असताना. शेवटी तो मातीला विनवतो: हिच्यावर जड होऊ नकोस, ही तुझ्यावर कधी जड नव्हती. इथेही कलाटणीच आहे, पण हसू नाही. रोमन कवी कॅटलसची ८५वी कविताही अशीच: द्वेष आणि प्रेम एकाच वेळी, दोन ओळींत आठ क्रियापदं आणि विशेषण एकही नाही.

आणि आपल्या महाराष्ट्री प्राकृतातली 'गाथासप्तशती' विसरू नका. दोन ओळींची गाथा, निम्मं सांगितलेलं आणि निम्मं वाचकावर सोडलेलं. संयम शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

धागाकर्ती
खूप आभार! मार्शल मागवते. लिहिताना आधी काय करून बघू?

प्रतिसाद १
शेवटचा शब्द आधी ठरवा आणि त्याचा सुगावा देणारं वरचं सगळं काढून टाका. विशेषणं तर पहिल्या फटक्यात. मग कविता आठवडाभर बाजूला ठेवा आणि इथे टाका, आम्ही वाचतो.